आईच्या डोळ्यांचा आजार मेडिक्लेममध्ये बसेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई 61 वर्षांच्या आहेत. मधुमेह बारा वर्षांपासून, दोन्ही डोळ्यांत काचबिंदूचे ड्रॉप तीन वर्षांपासून आणि आता उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला सांगितली आहेत. सध्या त्या तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहेत, पण तुम्ही नोकरी बदलण्याच्या विचारात आहात. ओळखीचा एजंट नवी पॉलिसी काढून देतो म्हणतो, फक्त "फॉर्मवर डोळ्यांचं काही लिहू नका" अशी त्याची अट. वडील 72 वर्षांचे, त्यांचा मोतीबिंदू वाढत चाललाय. घर कोल्हापूरला. आणि तुम्ही विचारलंय की डोळ्यांचे असे जुने आजार खासगी विम्यात बसतात का, आणि बसत असतील तर पॉलिसी कोणती घ्यावी.

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात विम्याचं काउंटर बरीच वर्षं सांभाळते. तिथे येणारे बहुतेक नातेवाईक हाच प्रश्न याच शब्दांत विचारतात, आणि त्याचं नुसतं "हो" किंवा "नाही" उत्तर दिलं की पुढे भांडण ठरलेलं असतं. मेडिक्लेमचे पैसे मिळतात ते ॲडमिशनचे किंवा प्रोसिजरचे. काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम, वयानुसार पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज, हे आजार वर्षानुवर्षं चालतात, आणि त्यांचा बराचसा खर्च दोन प्रोसिजरच्या मधल्या काळात होतो: ड्रॉप, तपासण्या, फी, जाणं-येणं. म्हणून आईंच्या खर्चाचे आधी दोन भाग करा. थिएटरमध्ये होणारा खर्च एकीकडे आणि ओपीडीत, औषधाच्या दुकानात होणारा दुसरीकडे. पहिल्यासाठी विमा बघायचा, दुसरा घरखर्चात धरायचा. ही विभागणी केली की पॉलिसी वाचणंही सोपं जातं.

आधी इंजेक्शनांचं बोलू, कारण ती लांबवण्यासारखी नाहीत. पूर्वी हे क्लेम सर्रास परत यायचे. पेशंट 24 तास ॲडमिट नाही, म्हणून ही ओपीडी, असं एक कारण असायचं. दुसरं, बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे आपण ज्याला अव्हॅस्टिन म्हणतो, ते मुळात कॅन्सरचं औषध. डोळ्यासाठी वापरतात तेव्हा "मान्यता नसलेला उपचार" असा शेरा पडायचा. शिवाय कित्येक जुन्या पॉलिसींच्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत पडद्याच्या झिजेचं नाव थेट छापलेलं असायचं. 2019 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने या याद्यांना शिस्त लावली आणि 12 आधुनिक उपचार नाव घेऊन सांगितले, जे पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. त्यात "इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन", म्हणजे डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन, आहे. आईंना सुचवलेलं इंजेक्शन तेच.

पण त्याच नियमाने कंपन्यांना या उपचारांवर रकमेची मर्यादा घालायची मुभा दिली, आणि खरी मेख तिथे आहे. उदाहरणादाखल आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे एकाच अटींवर मिळणारी पॉलिसी बघा. तिच्यात या 12 उपचारांना विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात आणि प्रत्येक क्लेममधले 5 टक्के आपण भरायचे असतात (याला को-पे म्हणतात). 5 लाखांच्या पॉलिसीत इंजेक्शनांसाठी ही मर्यादा पुरेशी आहे. दुसऱ्या एखाद्या पॉलिसीत विमा रक्कम 10 लाख दिसेल, पण इंजेक्शनांची वर्षाची मर्यादा इतकी तोकडी असेल की दोन डोसांतच संपेल. म्हणून जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवा आणि पॉलिसीच्या मजकुरात "इंट्राव्हिट्रियल" हा शब्द शोधून त्याच्यापुढची रक्कम वाचा.

ही मर्यादा महत्त्वाची का, ते डोसांच्या हिशेबावरून कळेल. सूज एका इंजेक्शनात जाऊन परत न येणं क्वचितच घडतं. सुरुवातीला साधारण महिन्याला एक द्यावं लागतं, मग ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या स्कॅनवर, सूज किती उतरली ते बघून अंतर वाढवतात. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तिन्ही औषधांची मधुमेहाच्या सुजेसाठी तुलना करणारा एक मोठा अमेरिकी अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी पेशंटना साधारण नऊ-दहा इंजेक्शनं लागली. आपल्याकडे पैशांमुळे आणि हेलपाट्यांमुळे पुष्कळ लोक त्याच्या निम्म्यावरच थांबतात आणि नजर गमावतात, हे मी डोळ्यांसमोर बघते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की नजर फारशी उतरलेली नसेल तर तिन्ही औषधांचा गुण सारखाच, आणि नजर बरीच कमी झालेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. खर्चात मात्र मोठं अंतर आहे. अव्हॅस्टिन काही हजारांत होतं, बाकीची दोन मूळ कंपनीची घेतली तर दहा हजारांच्या पटीत जातात. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, 2015 पासून मिळतं आणि ते मूळ औषधापेक्षा स्वस्त आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा की आईंची आजची नजर पाहता कोणतं औषध, का, आणि वर्षभरात अंदाजे किती डोस. हे कळल्याशिवाय कुठल्याही पॉलिसीची मर्यादा पुरेल की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काचबिंदूचं गणित वेगळं आहे. लेझर, ट्रॅबेक्युलेक्टमी (डोळ्याचं प्रेशर उतरवण्याचं ऑपरेशन) किंवा व्हॉल्व्ह बसवणं हे डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत, धरतात आणि वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर थांबायचा काळ, संपला की पैसे मिळतात. रोजचे ड्रॉप, दर काही महिन्यांनी होणारी फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणारी), डोळ्याचं प्रेशर मोजणं यांचे मिळत नाहीत. फक्त एक खिडकी उघडी असते. प्रोसिजरच्या आधीच्या 30 आणि नंतरच्या 60 दिवसांत त्याच आजारासाठी झालेला ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात. काहींत ही मुदत जास्तही असते. इंजेक्शनाआधीची ओसीटी आणि पडद्याची अँजिओग्राफी, नंतरचे ड्रॉप, फॉलोअपची फी, सगळं त्यात बसतं. लोक ही बिलं जपतच नाहीत. आईंना महिन्या-दीड महिन्याने इंजेक्शन असेल तर पडद्यासाठीच्या जवळजवळ सगळ्याच तपासण्या या मुदतीत येतील, म्हणून तारखेप्रमाणे एक फाइल आजपासून लावा. काचबिंदूचे ड्रॉप मात्र यात धरू नका. आजार वेगळा असल्याने कंपनी ते कापते. ओपीडी रायडर, म्हणजे ओपीडीच्या खर्चासाठी पॉलिसीला जोडायची जादा सोय, विकले जातात, पण त्यांचा जादा प्रीमियम आणि वर्षाला परत मिळणारी रक्कम शेजारी शेजारी मांडून बघा. मी पाहिलेल्या बऱ्याच रायडरमध्ये हातात फारसं काही उरत नाही.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येते. याविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे.

नव्या पॉलिसीत तीन वेटिंग पीरियड असतात. पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मग ठरावीक आजारांची यादी असते. त्यात मोतीबिंदू, काचबिंदू आणि बरेचदा पडद्याचे विकारही असतात, आणि त्यांना बहुधा 24 महिने लागतात. तिसरा वेटिंग पीरियड आधीपासून असलेल्या आजारांचा. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो, पूर्वी तो 48 होता. एकच आजार दोन्हींत येत असेल तर जास्त मुदतीचा नियम लागतो. आणि आधीपासूनच्या आजाराच्या कलमात "त्या आजाराची थेट गुंतागुंत" हे शब्द असतात. पडद्याची सूज ही मधुमेहाची थेट गुंतागुंत आहे. म्हणजे आईंनी फॉर्मवर मधुमेह लिहिला आणि डोळे लपवले, तरी इंजेक्शनांना 36 महिने थांबावं लागणारच. लपवून एक महिनाही वाचत नाही.

उलट काय जातं ते बघा. जो आजार लिहिलाय आणि कंपनीने स्वीकारलाय, त्याचे पैसे 36 महिन्यांनंतर मिळायला लागतात. जो लपवलाय, त्यावरून कंपनी 60 महिन्यांपर्यंत क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. आणि फसवणूक सिद्ध झाली तर 60 महिन्यांनंतरही संरक्षण नाही. "पाच वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही" असं एजंट या 60 महिन्यांच्या भरवशावर सांगतात. पण आईंचे ड्रॉप तीन वर्षांपासून चालू आहेत, प्रत्येक भेटीची हॉस्पिटलात नोंद आहे, आणि पाच वर्षांत त्यांचं हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं काही निघालं तर तो क्लेमही याच लपवाछपवीवरून अडकेल. फॉर्मवर सही तुमची किंवा आईंची असते. एजंटला त्याचं काही भोगावं लागत नाही.

खरं लिहिलं तर पॉलिसी मिळेलच का? इथे मला ठाम सांगता येत नाही, कारण ते आईंच्या बाकीच्या रिपोर्टवर अवलंबून आहे. मधुमेहाचा पडद्यावर परिणाम दिसला की कंपनीचा डॉक्टर लगेच मूत्रपिंडाचा विचार करतो, कारण दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्या सारख्याच खराब होत असतात. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आटोक्यात असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन ठीक असेल, तर वाढीव प्रीमियम किंवा को-पे लावून पॉलिसी मिळालेली मी पाहिली आहे. साखर वर आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर नकार येण्याची शक्यता बरीच. म्हणून अर्ज भरण्याआधी या तपासण्या स्वतः करून घ्या, आणि साखर हाताबाहेर असेल तर आधी ती आटोक्यात आणा. तसाही डोळ्याला फायदाच आहे. एका कंपनीने नाकारलं तर ते लेखी घ्या. पुढच्या फॉर्मवर "यापूर्वी नकार मिळाला आहे का" हा प्रश्न असतो, तिथेही खरंच लिहावं लागतं. मधुमेहींसाठीच्या आणि ज्येष्ठांसाठीच्या वेगळ्या पॉलिसी आहेत, त्यात को-पे जास्त असतो. पण नकाराच्या तुलनेत तो परवडतो.

तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट सध्याची ग्रुप पॉलिसी आहे. तिच्यात बहुधा वेटिंग पीरियड नसतो, म्हणून आताची इंजेक्शनं तिच्यातूनच करा. एचआरकडून चार ओळींचं पत्रक घेऊ नका, अटींसह पूर्ण पॉलिसी मागा. पालकांची विमा रक्कम वेगळी आहे का, इंजेक्शनांना मर्यादा किती, पालकांच्या क्लेमवर को-पे किती, एवढं तपासा. ग्रुप चालू असतानाच वेगळी वैयक्तिक पॉलिसीही घ्या, म्हणजे 36 महिने आजपासून मोजले जातील आणि तोवर ग्रुपचा आधार राहील. दोन्ही एका वेळी ठेवता येतात, आणि एकीतून उरलेला खर्च दुसरीतून मागता येतो. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे, तेव्हा जुना कोटेशनचा आकडा धरू नका.

नोकरी बदलताना दोन गोष्टी. नव्या कंपनीत पालक घेतात का ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारा, कारण त्यांची नावं रुजू झाल्यावर ठरावीक दिवसांतच घालता येतात. ती तारीख चुकली तर पुढच्या रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं. दुसरं, जुन्या ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची, म्हणजे मायग्रेशनची, सोय आहे आणि ती कुटुंबीयांनाही लागू आहे. ग्रुपमध्ये काढलेला काळ वेटिंग पीरियडमधून वजा होतो, मात्र पूर्वीच्या विमा रकमेपुरताच. कंपनी तपासण्या मागू शकते, नाकारूही शकते. तरी बाहेरून नवखं म्हणून जाण्यापेक्षा ही वाट बरी. राजीनामा द्यायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा. शेवटचा दिवस उलटून गेल्यावर आलेल्या लोकांना मी फारशी मदत करू शकलेली नाही.

वडिलांचं सोपं आहे. 70 आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात आणि खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. मात्र तुमच्या पसंतीचं हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तिथे मोतीबिंदूचं पॅकेज चालतं का, हे आधी फोन करून विचारा. ग्रुपमधून करायचं झालं तर मोतीबिंदूची मर्यादा बघा. आरोग्य संजीवनीत ती एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा ₹40,000, यातली कमी असेल ती. साधी मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) लेन्स बहुतेक ठिकाणी एवढ्यात बसते, मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) घेतली तर वरचा फरक तुमचा. आणि लेन्स कोणती घ्यायची ते मर्यादेवरून ठरवू नका. वडिलांच्या पडद्यालाही काही त्रास असेल तर महाग मल्टिफोकलचा त्यांना उपयोगच होणार नाही. (तुमच्या प्रश्नात नाही, पण घरात कुणी चष्म्याचा नंबर घालवायचा म्हणत असेल तर 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या ऑपरेशनचे पैसे कुठलीच नेहमीची पॉलिसी देत नाही.)

आता कागद. हे मी सगळ्यात तळमळीने सांगते, कारण योग्य क्लेमसुद्धा इथे अडकतात. आमच्याकडे एका गृहस्थांचा इंजेक्शनाचा क्लेम नाकारला गेला. पॉलिसी चार वर्षांची, मधुमेह त्यानंतर निघालेला, म्हणजे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. केसपेपरवर मात्र "के/सी/ओ डीएम, 15 इयर्स", म्हणजे 15 वर्षांपासून मधुमेह, अशी ओळ होती. हिस्टरी घेणाऱ्या शिकाऊ डॉक्टरने किती वर्षं झाली विचारलं, ते म्हणाले, "झाली असतील की दहा-पंधरा," आणि तिने 15 लिहिलं. त्या एका ओळीवरून आधीचा आजार दडवल्याचा ठपका आला. मुलीने घर पालथं घालून साखरेचा पहिला रिपोर्ट आणि पहिली चिठ्ठी शोधली, फॅमिली डॉक्टरांनी निदानाची तारीख लेखी दिली, मग क्लेम पुन्हा तपासला गेला आणि पास झाला. आईंना मधुमेह आणि काचबिंदू केव्हा निघाला त्या तारखा एका कागदावर लिहून त्यांच्या फाइलवर चिकटवा, आणि हिस्टरी विचारली की तोच कागद पुढे करा.

इंजेक्शनाच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं की काउंटरवरच वाचा. डोळा उजवा की डावा? उजव्याला ओडी, डाव्याला ओएस लिहितात. मंजुरीत एक आणि बिलात दुसरा, इतक्या चुकीवर क्लेम आठवडाभर पडून राहतो. औषधाचं पूर्ण नाव आणि डोस हवा, नुसतं "इंजेक्शन दिलं" चालत नाही. औषधाच्या बॉक्सवरचं बॅच नंबरचं स्टिकर चिकटवलेलं हवं आणि तोच नंबर बिलावर हवा. इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये दिलं, किती वाजता आत नेलं आणि केव्हा सोडलं, हेही नोंदवलेलं हवं. इंजेक्शनाआधीची ओसीटी जोडा. कॅशलेस असेल तर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. ठरलेली प्रोसिजर असल्याने तुम्ही दोन-तीन दिवस आधीच कागद पाठवा, त्या दिवशी आईंना डोळ्यात ड्रॉप घालून ताटकळत बसावं लागणार नाही.

मंजुरी अडली तरी इंजेक्शनाची तारीख पुढे ढकलू नका. पैसे भरून करा आणि रिइम्बर्समेंट मागा. पडद्यावर सूज जितकी रेंगाळते तितकी नजर परत मिळण्याची आशा कमी होते, आणि क्लेमचं भांडण नंतरही लढता येतं.

नकार आला तर पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर मागा. क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीसमोर जायला हवा, असा आता नियम आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी लिहा, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकीलही लागत नाही. कोल्हापूरचा पत्ता असल्याने तुमची तक्रार पुण्याच्या कार्यालयात जाईल.

तुमच्या ग्रुप पॉलिसीचं रिन्युअल कोणत्या महिन्यात आहे आणि आईंचा शेवटचा एचबीए1सी किती होता, एवढं कळवा. वैयक्तिक पॉलिसीचा अर्ज आत्ता भरावा की आधी तीन महिने साखर आटोक्यात आणावी, हे त्यावरून सांगता येईल.